तारा पाठीमागून ओवायच्या तर आधी ब्रिज बदला

अमळनेरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: 'लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गिटार फेंडर कंपनीच्या टेलिकास्टरच्या घडणीची, पण कमी किमतीची. तारा ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायची धातूची पट्टी) मागच्या कडेतूनच ओवल्या जातात, बॉडीतून नाही. जोरात रिदम वाजवला की सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार सॅडलवरून (ब्रिजवर ती जिथे टेकते तो तुकडा) बाजूला सरकते आणि आवाज मेल्यासारखा होतो. तारा बॉडीतून आरपार घेतल्या की सस्टेन, म्हणजे सूर रेंगाळणं, वाढतो असं सगळेच सांगतात. घरी हात-ड्रिल आहे. काका सुतार आहेत, पण ते म्हणतात, "नको रे भो, लाकूड फाटी जाई." आहे तोच ब्रिज ठेवून सहा भोकं पाडली तर चालेल का? आणि मागच्या बाजूला ती सरळ रेषेत कशी आणायची?'

भाऊ, काकांची काळजी रास्त आहे, फक्त तिची जागा चुकली आहे. बॉडीतल्या लाकडाच्या रेषा नेकपासून मागच्या टोकाकडे धावतात आणि तुमची सहा भोकं त्या रेषांना आडवी येतात. लाकूड फाटतं ते रेषेच्या दिशेनं. त्यामुळे एका भोकाची चीर दुसऱ्याला मिळून बॉडी उभी फुटेल, असं सहसा होत नाही. खरी नाजूक जागा मागच्या बाजूला आहे, तारांची टोकं धरणारे फेरूल बसतात तिथे. तिच्याकडे पुढे येऊ, कारण निम्म्या गिटारी तिथेच विद्रूप होतात.

आधी सस्टेनचं. तारा बॉडीतून नेल्या म्हणून सूर दुप्पट वेळ रेंगाळेल, ही आशा सोडून द्या. फरक पडला तरी तो कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. तारेचा ताणही बदलत नाही. ताण ठरतो तो तारेची जाडी, सूर आणि नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची लांबी, म्हणजे स्केल, यांवर, आणि तुम्ही तर फक्त सॅडलच्या मागचा भाग बदलताय. फेंडरनं १९५० पासून या घडणीच्या गिटारीत तारा बॉडीतून नेल्या. मग १९५८ च्या अखेरीपासून काही काळ टेलिकास्टरला ब्रिजमागून ओवायची पद्धत ठेवली आणि पुन्हा जुन्या पद्धतीकडे गेले. त्या मधल्या काळातल्या गिटारी आजही लोक आनंदानं वाजवतात.

तुमच्या तक्रारीचं मूळ मात्र खरोखरच तार कुठून येते यात असू शकतं. सॅडलवरून मागे जाताना तार जितकी जास्त वाकते, तितकी ती सॅडलवर खाली दाबली जाते. नेहमीच्या १०–४६ संचातली (तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) सहावी तार साडेपंचवीस इंची स्केलवर सुमारे आठ किलोनं ताणलेली असते. ती जेमतेम १० अंशांत वाकत असेल, तर सॅडलवर दाब येतो दीड किलोच्या आतच. बॉडीतून वर येऊन ४५ अंशांत वळली, तर तोच दाब साडेपाच किलोंच्या वर जातो. रिदमच्या तडाख्यात तार सरकते ती या फरकामुळे. म्हणजे हे काम करायला तुमच्याकडे कारण आहे. फक्त ते सस्टेन नसून पकड आहे.

पण भोकं पाडण्याआधी एक स्वस्त उपाय करून बघाच, कारण तो परत फिरवता येतो. तुमचे सॅडल पार खाली, ब्रिजच्या पट्टीला टेकल्यासारखे असतील तर तारेला वाकायला जागाच नसते. नेकचे चार स्क्रू सोडा आणि खोबणीत बॉडीच्या मधल्या बाजूला अर्धा मिमी जाड टोकाची लाकडी पाचर घाला. पाचर खोबणीभर, निमुळती होत जाणारी असावी. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा एका टोकाला ठेवला की नेकखाली पोकळी राहते, म्हणून तो फक्त चाचणीपुरता ठीक. खोबण साधारण ७५ मिमी लांब असते. त्या हिशोबानं अर्ध्या मिमीच्या पाचरीनं नेक इतका कलतो की तारांची उंची पूर्वीइतकीच ठेवायला सॅडल दीड मिमीच्या आसपास वर घ्यावे लागतात. तेवढ्यानंही कोन वाढतो. शिवाय सॅडलवरची खाच झिजून उथळ झाली आहे का तेही बघा. झिजलेल्या खाचेतून तार कुठूनही ओवा, ती सरकणारच. आठवडाभर असं वाजवूनही तक्रार राहिली तर पुढे वाचा.

तुमचा पहिला प्रश्न, आहे तोच ब्रिज ठेवायचा का? नाही. तुमच्या पट्टीला खालून तार यायला भोकंच नाहीत. ती पाडता येतील, पण पट्टी ओतीव जस्ताची असेल तर कड खरबरीत राहते आणि तारा तिथेच तुटतात. पत्र्याची असली तरी भोकांची जागा सॅडलच्या मागच्या मर्यादेच्या नेमकी मागे हवी. बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवताना सहाव्या तारेचं सॅडल सगळ्यांत मागे सरकतं. भोक त्याच्या खाली आलं तर तार सॅडलच्या मागून वर यायच्या ऐवजी त्याच्या पोटाला घासत येते. हा हिशोब पट्टी बनवणाऱ्यानं करून ठेवलेला असतो, तो आपण पुन्हा कशाला करायचा? मागच्या कडेतून आणि बॉडीतून, अशा दोन्ही पद्धतीनं तारा घेणारे ब्रिज ऑनलाइन सहज मिळतात. तोच घ्या. उद्या काही बिनसलं तर पूर्वीसारख्या ब्रिजच्या मागच्या कडेतून तारा ओवून कार्यक्रमाला उभं राहता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

मागवण्याआधी व्हर्निअरनं चार मापं घ्या. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांतलं अंतर (बहुतेक वेळा ५२.५ ते ५५ मिमीच्या दरम्यान असतं), पट्टीच्या स्क्रूंची जागा आणि संख्या, पट्टीची रुंदी, आणि ब्रिजमधल्या पिकअपच्या तीन स्क्रूंची जागा. टेलिकास्टरच्या घडणीत पिकअप पट्टीलाच टांगलेला असतो, त्यामुळे हे शेवटचं माप चुकलं तर नवी पट्टी कपाटात पडून राहील. तारांमधलं अंतर जुन्याहून फार रुंद घेऊ नका. बाहेरच्या तारा फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरू लागतात.

फेरूल म्हणजे मागून बसणारी धातूची टोपी. तारेचा बॉल-एंड (टोकाचा धातूचा मणी) तिच्यात अडकतो, नाहीतर तो लाकडात रुतत जातो. सर्वसाधारण फेरूलचं नळकांडं ८ मिमी जाडीचं आणि वरची कड ९.५ मिमीच्या आसपास असते. पण विक्रेत्याच्या वर्णनावर जाऊ नका. हातात आलेले सहाही फेरूल मोजा आणि मगच ड्रिल बिट विकत घ्या. ७.९ आणि ८.१ मधला फरक इथे घट्ट आणि ढिला यांच्यातला फरक असतो.

आता ती नाजूक जागा. तारांमधलं अंतर १०.५ मिमी आणि फेरूलची कड ९.५ मिमी, म्हणजे दोन कडांमध्ये उरतो फक्त १ मिमी. एखादं भोक अर्धा मिमी सरकलं तरी एकीकडे फट दीड मिमी आणि दुसरीकडे अर्धा मिमी होते आणि ते लांबूनही डोळ्यात खुपतं. कड पृष्ठभागाशी सपाट बसवायची म्हणून ९.५ मिमीचे खड्डे घेतले, तर दोन खड्ड्यांमधली लाकडाची भिंत मिलिमीटरभर जाड राहते. स्वस्त गिटारीचं मऊ बासवुड असेल तर ती भिंत ड्रिल बाहेर काढतानाच तुटते आणि सोबत रंगाची खपली घेऊन जाते. म्हणून तुमच्यासाठी आमचा कौल: खड्डे घेऊच नका. कड पृष्ठभागावर टेकणारे फेरूल घ्या, ८ मिमीची भोकं पाडा, भिंत अडीच मिमीची राहील. मऊ लाकडात बिनकडेचे फेरूल अजिबात नकोत. ते तारेच्या ओढीनं आत सरकू शकतात. सहाही भोकं असलेली एकच सलग पट्टीही मिळते. ती भोकांची थोडीफार चूक झाकते, पण तिच्यासाठी सुतारी राउटरनं चर काढावा लागतो. काकांकडे राउटर असेल तर तो पर्याय उत्तम.

घरचं हात-ड्रिल? या कामाला नाही. ४५ मिमी जाडीच्या बॉडीत ड्रिल अवघा एक अंश कललं तरी पलीकडे भोक पाऊण मिमी सरकतं, आणि हातानं एक अंश सांभाळणं कुणालाच जमत नाही. हात-ड्रिल अडकवायचे स्वस्त स्टँड मिळतात, त्यांच्यात खेळ असतो, तेही नकोत. खांबावर उभं बसवलेलं पिलर ड्रिल हवं. जळगावला अजिंठा रोडवरच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याला अवधानच्या बाजूला फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये ते असतं. अमळनेरमध्येही एखाद्या लेथवाल्याकडे असेल. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: चकमध्ये ३ मिमीचा बिट नीट धरला जातो का (काही मोठ्या चकना बारीक बिट पकडताच येत नाहीत), ड्रिलचा खाली-वर प्रवास किमान ८० मिमी आहे का, आणि पट्टा वेगवान पुलीवर चढवता येईल का. लोखंडासाठी लावलेल्या संथ वेगात बारीक बिट लाकडात भरकटतो. ३ मिमीसाठी मिनिटाला दोन ते अडीच हजार फेरे आणि ८ मिमीसाठी त्याच्या निम्म्याच्या थोडे वर, असं ठेवा. कारागिराला हेही आधीच सांगा की गिटार फळीवर हातानं धरून, हळूहळू काम चालणार आहे. लोखंडाला लावतात तसा हँडलवर जोर द्यायचा नाही.

सोबत न्यायचं सामान: १८ मिमी प्लायचा फूटभर तुकडा, दोन शिकंजे, ३ मिमीचा लांब बिट (लांब मालिकेतला साधारण १०० मिमीचा येतो, नेहमीचा ६१ मिमीचा असतो), ३.२ मिमीचा एक बिट, मधोमध टोक असलेला लाकडाचा ८ मिमीचा बिट, मास्किंग टेप, आणि बॉडीइतक्याच जाडीचे लाकडाचे दोन टाकाऊ तुकडे. दाराच्या चौकटीचा उरलेला साग चालेल, पण तुमच्या बॉडीचं लाकूड मऊ असेल तर एक तुकडा मऊही घ्या, कारण फेरूलची पकड त्यावरच तपासायची आहे.

घरून निघण्याआधी गिटार पूर्ण मोकळी करा: नेक, पिकअप, नॉब, पिकगार्ड, सगळं. पट्टीखालून अर्थिंगची एक बारीक वायर निघेल. पिकअपच्या किंवा कंट्रोलच्या पोकळीतून ती एका तिरक्या भोकातून पट्टीखाली आलेली असते. नेमकी हीच वायर ड्रिलखाली येऊन तुटते आणि मग गिटार हात लावला की गुणगुणते. वायर मागे ओढून पोकळीत चिकटवून ठेवा आणि तिचं भोक तारेच्या भोकांच्या रांगेत येतं का ते पट्टी ठेवून बघा. येत असेल तर लाकडी खुंटी आणि सुतारी डिंक घालून बुजवा आणि वायरला बाजूनं नवी वाट काढा.

मग नव्या पट्टीची जागा. तात्पुरती नेक लावा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. साडेपंचवीस इंची स्केल असेल तर ३२४ आणि ६४८ मिमी येईल. पहिल्या तारेचं सॅडल या आकड्याच्या दीड-दोन मिमी मागे आणि सहाव्याचं चार-पाच मिमी मागे जायला हवं, आणि दोघांनाही पुढे-मागे सरकायला वाव उरायला हवा. पट्टी टेपनं चिकटवा. नटच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून शिवणाचा दोरा ताणून त्या त्या सॅडलवर आणा आणि शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. जुनी स्क्रूची भोकं जुळली तर उत्तम. अर्धवट जुळत असतील तर मात्र मोहात पडू नका. अर्ध्या जुन्या भोकात घातलेला स्क्रू जुन्याकडेच ओढला जातो आणि पट्टी तिरकी बसते. ती भोकं खुंट्यांनी बुजवून, रात्रभर डिंक वाळू देऊन नवी पाडा. नव्या भोकाची जाडी स्क्रूच्या आट्या सोडून आतल्या गाभ्याइतकी ठेवा.

पट्टी स्क्रूंनी कसून बसली की पट्टीच्या तारभोकात घट्ट मावेल त्या जाडीचा बिट हातात धरून बोटांनी दोन-तीन फेरे फिरवा. रंगावर नेमक्या मध्यावर खळगा पडतो. सहा भोकं, सहा खळगे. पट्टी काढा. समोरच्या बाजूचं मोजमाप इथे संपलं, पट्टीच साचा झाली.

आता शेडमध्ये. प्लायचा तुकडा ड्रिलच्या टेबलावर दोन शिकंज्यांनी पक्का करा. टेबलाची उंची आत्ताच ठरवा. चकमध्ये आळीपाळीनं लांब ३ मिमी आणि ८ मिमी बिट लावून, बॉडी खाली सरकवून बघा की दोन्ही बिट बॉडीच्या वर मोकळे राहतात आणि हवे तितके खाली उतरतात. ८ मिमीचा बिट फार लांब बाहेर येत असेल तर चकमध्ये खोल घाला. हे आधी करायचं कारण असं की पिलरवरचं टेबल वर-खाली केलं की ते किंचित फिरतं, आणि मग पुढची सगळी अचूकता वाया जाते.

समोरची भोकं पहिली. बॉडी समोरून वर, खाली प्लाय. लांब ३ मिमी बिट, खोली २५ मिमी, त्याहून जास्त नाही. आरपार जायचं नाही हे दोनदा वाचा. खळग्यात टोक अलगद टेकवा, बॉडी बिटाच्या ओढीनं स्वतः थोडी सरकली तर सरकू द्या आणि मगच दाब द्या. दर पाच मिमीला बिट पूर्ण वर काढून भुसा झटका. भुसा साचला की बिट तापतो आणि लाकडाच्या मऊ रेषेकडे वळतो. ॲशच्या लाकडात हे हमखास होतं, कारण त्याच्या कडक आणि मऊ रेषांमध्ये फार फरक असतो.

सहा झाली की बॉडी बाजूला ठेवा आणि प्लायला हात न लावता त्याच बिटानं प्लायमध्ये एक भोक पाडा. एखाद्या मोडक्या ३ मिमी बिटाची गुळगुळीत दांडी कापून त्या भोकात ठोका, वर बरोबर २० मिमी उरू द्या. टोक कानशीनं गोल करा. ही खुंटी आता ड्रिलच्या मध्याच्या अगदी खाली उभी आहे. बॉडी पालथी करा आणि समोरचं भोक त्या खुंटीवर बसवा. वरून येणारा बिट त्या भोकाच्या सरळ रेषेतच उतरेल. मागच्या बाजूला पट्टी, पेन्सिल, गुण्या, कशाचीच गरज उरत नाही. मागे रेघ मारून सहा खुणा करणारे आणि दोन्हीकडून अंदाजानं भोकं पाडणारे इथेच फसतात. त्यांची भोकं मध्ये भेटतात खरी, पण वाकडी भेटतात आणि तार त्या कोपऱ्यावर घासत राहते. बॉडीचा पुढचा भाग पूर्ण सपाट असेल तरच ही पद्धत चालते. लेस पॉलसारखी फुगीर बॉडी प्लायवर सपाट बसत नाही, तिचं काम वेगळं.

पालथी घालण्याआधी प्लायवर जाड कागद अंथरा म्हणजे पुढच्या रंगाला ओरखडे पडणार नाहीत. कापड नको, ते दबतं आणि बॉडी डुगडुगते. मागच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. मग ८ मिमीचा बिट. शेडमधल्या ड्रिलला उलटं फिरायची सोय असेल तर रंगाचा थर उलट्या फिरकीनं खरवडा आणि मग सुलट करा. नसेल तर बिट चालू ठेवून रंगावर फक्त टेकवत, जोर न लावता सुरुवात करा. स्वस्त गिटारींवरचा पॉलिएस्टरचा थर जाड आणि काचेसारखा ठिसूळ असतो, धसमुसळेपणा केला की त्याचे टवके उडतात. मागचं लाकूड अजून अखंड असल्यानं बिटाच्या मधल्या टोकाला धरायला जागा मिळते. आधी ३ मिमी आरपार केलं असतं तर हे टोक पोकळीत लटकलं असतं आणि ८ मिमीचं भोक फेंगडं झालं असतं. खोली फेरूलच्या नळकांड्यापेक्षा १ मिमी जास्त, म्हणजे साधारण १० ते १२ मिमी.

सहाही ८ मिमी झाल्यावर बिट बदला. लांब ३ मिमी, खोली मागच्या पृष्ठभागापासून २२ मिमी. हिशोब असा: ४५ मधून समोरचे २५ गेले, उरले २०, म्हणजे २० वर भोक आरपार होईल, आणि खुंटीचं टोक २५ वर आहे. दोन्हींच्या मध्ये थांबायचं. खोलीचा अटकाव नीट कसा, नाहीतर बिट खुंटीवर आपटून मोडेल. तुमची बॉडी ४५ ऐवजी ४० मिमीची असेल तर समोरची खोली २२ आणि खुंटी १७ करा, मागून १९–२० वर थांबा. पुन्हा प्रत्येक भोक खुंटीवर बसवायचं, घाई नाही. शेवटी बॉडी खुंटीवरून काढा आणि ३.२ मिमी बिट हातात धरून समोरून आणि मागून फिरवत भोकाचा जोड साफ करा. नेहमीच्या लांबीचा बिट दोन्हीकडून निम्म्याच्या पुढे पोहोचतो, तेवढं पुरतं.

हे सगळं आधी टाकाऊ तुकड्यावर सहाच्या सहा भोकांचं करा. एक-दोन पाडून 'जमलं' म्हणू नका, चूक रांगेत दिसते. त्याच तुकड्यात फेरूल बसवून बघा. बोटानं जोर देऊन निम्मा आत जावा आणि उरलेला दाबून बसावा, इतकी पकड बरोबर. बोटानंच पूर्ण गेला तर बिट एक नंबर बारीक हवा, आणि हातोडी लागत असेल तर जाड.

लग्नं थांबतात ती आषाढी एकादशीनंतर, म्हणजे तुम्हाला मोकळीक मिळेल ती नेमकी पावसात. उघडं लाकूड त्या हवेत ओल धरतं, तेव्हा भोकं पाडली त्याच दिवशी त्यांना आतून लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्या. कानातल्या कापसाच्या काडीनं देता येतो. वाळल्यावर ८ मिमीचा बिट हातानं एकदा फिरवा, कारण पॉलिशनंही भोक थोडं आवळतं.

फेरूल ठोकायचे नाहीत. नळकांड्यावर मेणबत्ती घासा, भोकात सरळ उभा करा, आणि शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांना लाकडाच्या चकत्या लावून हळूहळू आवळा. तिरका जाऊ लागला तर लगेच थांबा, तसाच रेटला तर बाजूची अडीच मिमीची भिंत जाते. काढायचा असेल तर समोरून तारेच्या भोकातून बोथट खिळा घालून अलगद बाहेर लोटा. सोल्डरिंग आयर्ननं आधी थोडा तापवला तर आणखी सोपं जातं. ढिला निघाला तर फेव्हिक्विक ओतू नका, पुढे तार अडकली की तो निघता निघणार नाही. नळकांड्याभोवती पातळ कागदाचा एक वेढा पुरतो. शिवाय तारा चढल्या की त्यांची ओढच फेरूलला जागेवर धरते. सगळ्या सहा तारा मिळून ताण सुमारे ४७ किलो असला तरी एकेका फेरूलवर सात ते नऊ किलोच येतो, आणि तो कडेवर पसरतो.

टवका उडालाच तर तो तुकडा हरवू देऊ नका, फेव्हिक्विकच्या थेंबानं परत बसतो. हरवला तर रंगाजवळची नेलपॉलिश थरावर थर देऊन भरा आणि दोन दिवसांनी १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासा. एखादं भोक अगदीच बाहेर गेलं असेल तर ते १० मिमी करून कडक लाकडाची खुंटी डिंकानं बसवा आणि पुन्हा खुंटी-प्लायच्या पद्धतीनं पाडा. तसं केलेलं जोडकाम दिसतंच, तेव्हा सलग पट्टीचा पर्याय मनात असू द्या.

जोडणी करताना अर्थिंगची वायर पुन्हा पट्टीखाली आणा. तिचं टोक सोलून पंख्यासारखं पसरवा आणि पट्टीच्या खालच्या बाजूला कोटिंग असेल तर तेवढं खरवडा. मल्टिमीटरनं ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या कडेत मोजा, एक-दोन ओमपेक्षा जास्त दिसू नये.

पहिल्या काही दिवसांत एखादी तार तुटली तर ती नेमकी कुठे तुटली ते बघा. पट्टीच्या भोकाच्या कडेवर तुटत असेल तर तिथे धार आहे. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून भोकातून ओढा. सॅडलवर तुटत असेल तर सॅडलच्या मागच्या कडेला तेच, आणि तिथे शिसपेन्सिलीची भुकटी. बॉडीतून नेलेल्या तारेला एक सोय आपोआप मिळते. बॉल-एंडजवळचा पीळ घातलेला जाड भाग बॉडीच्या आतच राहतो, सॅडलवर येत नाही. बाजारातले नेहमीचे संच लांबीला पुरतात, ४५ मिमीची जास्तीची गरज त्यात भागते.

तारा चढवल्या की सॅडलवर प्रत्येक तार बोटानं खाली दाबा म्हणजे तिथला बाक पक्का होतो, मग सूर लावा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवा. सहाव्या तारेचं सॅडल जितकं मागे जाईल तितका तिचा मागचा कोन तीव्र होतो. ते भोकाच्या अगदी काठाला आलं आणि तार पट्टीला घासू लागली, तर ती एक तार मागच्या कडेतून ओवा आणि बाकीच्या पाच बॉडीतून ठेवा. दोन्ही पद्धतींचा ब्रिज त्यासाठीच घेतला आहे.